आंब्याच्या शेडमधला मुंजा: किशोरकादंबरीत नायक म्हणून चालेल का?

आढीवाली

मंडळी, मदत हवी आहे. विषय भुतांचा आहे, पण 'माझ्या मावशीच्या दिराला दिसलं होतं' छापाचे किस्से नकोत. त्यांचा वेगळा धागा आहे.

चौदा ते सतरा वयाच्या मुलामुलींसाठी कादंबरी लिहायला घेतली आहे. भयकथा नव्हे, प्रेमकथा. फक्त नायक मेलेला आहे. भाचीच्या कपाटात या जातकुळीच्या इंग्रजी पुस्तकांची चळत आहे आणि बहुतेकांतला नायक गोरापान, थंडगार, धुक्याच्या गावात राहणारा. त्याला मे महिन्यात रत्नागिरीला आणून पत्र्याच्या शेडखाली बसवला तर दुपारच्या जेवणापर्यंत टिकायचा नाही. म्हटलं, आपल्याकडे भुतांचा काय दुष्काळ पडलाय?

जागा अशी: पावसवरून पूर्णगडकडे जाताना कातळावरची हापूसची बाग, कडेला चिऱ्याचं जुनं घर आणि त्याला लागून शेड. एका बाजूला आढ्या, म्हणजे पिकायला गवतात रचलेले आंबे, दुसरीकडे पेट्या आणि खोके, मध्ये निवडायला बसलेली माणसं. नायिका चित्रा, वय सतरा, बारावीची परीक्षा देऊन मामाकडे आलेली. निकाल लागेपर्यंत चार पैसे सुटतील म्हणून निवडायला बसते. त्या वयात मी स्वतः मामाच्या शेडमध्ये बसलेय, त्यामुळे शेडची मला चिंता नाही. चिंता आहे ती तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाची.

त्याचं नाव बाळू. हजेरीवहीत रोज नाव असतं, पण मुकादमाला विचारलं तर 'असेल कुणीतरी वरच्या वाडीतला' म्हणून मोकळा होतो. शनिवारी पगार वाटतात तेव्हा हा गायब. शेडमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांवर चिकाचे काळे डाग, कुणाकुणाला फोडही येतात. याचे हात मात्र धुतल्यासारखे. पिकअप भरून वाशीला निघाली की हा विचारतो, 'बोट किती वाजता सुटणार?' सगळे खिदळतात, चित्रासुद्धा. एके काळी आंबा बोटीने मुंबईला जायचा, हे तिला फार उशिरा कळतं. बाळू गेला १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, सोळाव्या वर्षी. मुंज झालेली, सोडमुंज राहिलेली. म्हणजे मुंजा.

पहिल्या भेटीचा तुकडा देते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे:

'चित्राने आंबा उचलला. देठाशी खळगा पडलेला, कुठे डाग नाही, ओरखडा नाही. सरळ एक नंबर. ती तो पेटीकडे नेणार एवढ्यात शेजारचा हात मध्ये आला. आंबा तिच्या हातातून निघून डागीच्या ढिगात गेला. "काय झालंय त्याला?" तिने विचारलं. तो पुढचा आंबा चाचपत होता. तिला राग आला. तिने नखाने त्या आंब्यावर खूण केली आणि संध्याकाळी शोधून काढून कापला. बाठ्याच्या कडेने पांढुरका, भुसभुशीत गर. तोंडात घातला तर आंबूस. साका. दुसऱ्या दिवशी ती काही न बोलता त्याच्या शेजारी जाऊन बसली.'

साका बाहेरून ओळखता येत नाही, आंबा कापल्यावरच कळतो, म्हणून तर त्यात बागायतदाराचं नाक कापलं जातं. बाळूला तो हात लावताच कळतो. माझ्या मते प्रेमात पडायला एवढं पुरे. डोळ्यांतली निळी चमक वगैरे काही लागत नाही.

आता अडलंय ते सांगते. मुंजा पिंपळाला बांधलेला असतो, मग शेडमध्ये येईल कसा? त्याने लग्नाचा हट्ट धरलाच पाहिजे का? आणि शेवट. देवऋषी बोलावून बाळूला बाटलीत भरायचं नाही, आणि चित्राला त्याच्या मागोमाग विहिरीतही ढकलायचं नाही. मधला रस्ता आहे का काही?


तळकोकणी

मुंजो कित्याक गो बाय? आमच्या सिंधुदुर्गात जागा राखणारा राखणदार असताना?

मुंजाची गोष्ट आली की लग्नाचा हट्ट आणि मुलीच्या मागे लागणं आलंच, वाचणारा आधीच घाबरून बसतो. राखणदाराचं तसं नाही. आमच्याकडे बागेत पहिला आंबा उतरवायच्या आधी त्याला नारळ ठेवतात, गाऱ्हाणं घालतात. तो जागेचा असतो, झाडाचा नाही. बाग, शेड, विहीर, पाणंद, सगळीकडे फिरेल, फक्त शिवेपलीकडे जाणार नाही. तुमची अर्धी अडचण तिथेच सुटली. चित्रा रत्नागिरीला गेली की त्याला गडग्यापाशी, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणापाशी थांबावं लागणार. याहून जास्त ताटातूट काय हवी?

दुसरी एक गोष्ट फुकट देतो. शिरोड्याजवळ अरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे नवस फेडायला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा देतात. देव रात्री राखण करत फिरतो, वहाणा झिजतात, म्हणून नव्या. तुमचा बाळू शेडमध्ये अनवाणी असणार, बरोबर? चित्राला पहिल्या पगारातून त्याच्यासाठी बाजारातली साधी स्लीपर आणू दे. सकाळी तळवे झिजून चाळण झालेली दिसली की तिला काय ते कळेल. कुणी काही बोलायला नको.

आणि पिंपळाचं म्हणाल तर हायवेच्या चौपदरीकरणात आमच्याकडचे केवढाले वड-पिंपळ आडवे झाले. त्यावरचे मुंजे कुठे राहायला गेले, हे कुणी विचारलं नाही. ते सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेडमध्ये कामाला लागले असतील, असं लिहिलंत तरी मी विश्वास ठेवीन.


जुनी_पानं

तळकोकणींचा राखणदार मोहक आहे, पण राखणदार कधी मेलेला नसतो, त्यामुळे त्याला गमावलेलं आयुष्य नसतं. मुंजाला असतं. मुंजाच ठेवा.

फक्त एका गोष्टीला हात घालावा लागेल. मुंजा म्हणजे मुंज झालेला, म्हणजे ठरावीक जातीतलाच. कोकणातल्या लोकसमजुतींची जुनी इंग्रजी टिपणं आहेत, एंथोवेन यांनी संपादित करून १९१५ साली छापलेली. त्यातली भुतांची यादी वाचा. बऱ्याच भुतांना जात चिकटवलेली आहे. माणूस मेला तरी जात काही सुटत नाही. १९१८ मधला सोळा वर्षांचा भटाघरचा मुलगा शेडमध्ये निवडायला बसलेल्या बायांच्या पाटाला पाट लावून बसेल? चित्राच्या बाटलीतलं पाणी पिईल? पहिल्या आठवड्यात तर नाहीच. ही बाटली तुम्ही नीट वापरलीत तर लग्नाच्या हट्टाची गरजच उरत नाही. तो पाणी कधी पितो, हीच कादंबरी. तुमची चित्रा कुणाची, ते तुम्ही लिहिलेलं नाही. लिहाल तेव्हा धीटपणे लिहा.

ती टिपणं ज्यांनी जमवली ते ए. एम. टी. जॅक्सन, नाशिकचे कलेक्टर. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'संगीत शारदा'चा प्रयोग पाहायला आले असताना अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. पुस्तक त्यांच्या माघारी निघालं. कान्हेरे तुमच्याच जिल्ह्यातले, खेड तालुक्यातले, तेव्हा पुरते विशीतही नव्हते. तुमच्या हिशेबाने बाळू त्या वर्षी सात वर्षांचा. हे नाव त्याने माजघरात दबक्या आवाजात ऐकलेलं असणार, आणि 'आपल्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठा' हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असणार. आपल्याला काही करायच्या आधी तापाने मरण आलं, ही सल त्याला द्या. वरच्या वाडीतला गूढ मुलगा एवढ्याने भागणार नाही.


दोन_मुलींची_आई

'शारदा'चा विषय काढलातच तर बोलते. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावतात त्यावरचं ते नाटक. आपला बाळू शंभरी उलटून गेलेला. दिसतो सोळाचा, ते ठीक, पण आत कोण बसलंय?

माझ्या दोघी ही पुस्तकं वाचतात, मीही उशाशी सापडली की वाचते. मला खटकतं ते वय नाही, पाळत. नायक रात्री खिडकीत येऊन मुलीला झोपलेली बघत बसतो आणि लेखिका त्याला काळजी म्हणते. गावात कुणी पिंपळावर बसून मुलीच्या खिडकीत बघत असेल तर त्याला मुंजा म्हणत नाहीत, पोलिसात देतात. बाळूला तिच्या घराच्या बाजूला फिरकू देऊ नका. शेडमध्ये, चार माणसांत, काम करताना भेटू दे. आणि तिच्या हातातला आंबा न विचारता काढून घेणं एकदा ठीक आहे. दुसऱ्यांदा तिने हात मागे घ्यावा आणि त्याने विचारावं.

वय मिटवायचं तर एक उपाय आहे. तो सोळाव्या वर्षी थांबलेला असू दे, शंभर वर्षांचा अनुभव घेतलेला नको. मधली वर्षं त्याला आठवतच नाहीत. दर मोसमात जागा होतो आणि पावसाला सुरुवात झाली की विझतो. मग तो म्हातारा नाही, रखडलेला आहे.

आणखी एक, कामगार खात्यात काम केलंय म्हणून सांगते. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात कामाला लावता येत नाही, कायदाच आहे तसा. चित्राचा मामा भला माणूस दाखवायचा असेल तर तो तिला संध्याकाळी सातला कामावरून उठवणार. म्हणजे दिवेलागणीला ती घरी जाणार आणि नेमकी तेव्हापासून याची वेळ सुरू होणार. बघा कसं जमतंय.


कलमी

धागा वाचून हसू आवरेना. आमची बाग आहे, देवगडला. साहित्यातलं कळत नाही, आंब्यातलं सांगतो.

वाशीला जाणारा माल कडक असतो, तो तिकडे जाऊन पिकतो. तुमची चित्रा हिरवा आंबा संध्याकाळी कापेल तर त्यात साका दिसणार नाही, आंबट फोड तेवढी मिळेल. साका पिकल्यावर दिसतो. तिला तो आंबा खोलीत पलंगाखाली गवतात ठेवू दे आणि आठवडाभर वाट बघू दे. रोज काढून हुंगेल, दाबून बघेल. तोवर शेजारच्या पोराशी बोलायचं नाही, कारण तो खोटा ठरला तर? आमच्या धंद्यात सगळा जीव त्या आठवड्यात टांगलेला असतो, तिचाही राहू दे.

साका का होतो याचीही एक ओळ घाला. झाडावर फार पिकवत ठेवलेला, तापलेल्या जमिनीची धग लागलेला आंबा आतून बिघडतो. म्हणून ८०-८५ टक्के तयार झाला की उतरवा असं दापोलीचं कृषी विद्यापीठ सांगतं. रत्ना जातीत साका होत नाही, ती नीलम आणि हापूसच्या संकरातून त्यांनीच काढली. बाळूला रत्ना माहीत असणार नाही, तो मेल्यावर कितीतरी वर्षांनी आलेली जात. त्याच्या हातात रत्ना द्या आणि गोंधळलेला चेहरा लिहा. हापूससारखा दिसतो, हापूस नाही, आणि आत काहीच वाईट सापडत नाही.

आता आढी. आंबा पिकायला लागला की आढी तापते. गवतात हात घातलात तर ऊब लागते, रोज वरखाली करून तयार फळ काढावं लागतं. तुमचं भूत थंड असतं ना? मग ते ज्या आढीजवळ बसतं ती आढी तापणारच नाही. आंबा हिरवाच. मामा हवालदिल, व्यापाऱ्याचा फोनवर फोन, मुकादम म्हणतो गवत ओलं होतं. चित्राला मात्र कळतं की तो तिच्याशेजारी जितका जास्त बसेल तितकं मामाचं नुकसान. हे घ्या तुमचं संकट. देवऋषी कशाला पाहिजे?

जाता जाता. आमच्याकडे बागा राखायला आणि काढणीला नेपाळी माणसं असतात, बायकापोरांसकट. शेड लिहाल आणि ती नसतील तर आमच्यासारखा वाचक पहिल्या पानावरच म्हणेल की बाईंनी शेड बघितलेली नाही. रात्री बागेत तेच असतात, बाळूला सगळ्यात आधी त्यांनीच पाहिलेलं असणार. फक्त त्यांना गूढबिढ करू नका, थकलेली माणसं असतात ती.


आढीवाली

एवढं पदरात पडेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना एकत्रच उत्तर देते.

कलमी, न तापणारी आढी घेतली. कालपासून तीच डोक्यात आहे. दोघांना एकत्र बसायचं असेल तर कुठे बसायचं हा प्रश्न आता रोज पडणार. आढ्यांपासून लांब, रिकाम्या खोक्यांच्या बाजूला, जिथे काम नसतं. म्हणजे काम चुकवावं लागणार, म्हणजे मुकादमाच्या नजरेत येणार. नेपाळी कुटुंब आहे हो आधीपासून, दुसऱ्या प्रकरणात येतं. त्यांची धाकटी मुलगी बाळूशी सरळ गप्पा मारते, तिला त्यात विशेष काही वाटत नाही.

पाण्याच्या बाटलीचं मी टाळत होते खरं, कारण किशोरांच्या पुस्तकात जात आली की प्रकाशक कपाळाला आठ्या घालतात. पण मुंजा घ्यायचा आणि जानवं झाकायचं, हे जमणार नाही. चित्रा कुणबी आहे. तिच्या पणजीने या बागेत मजुरी केलेली आहे, बाळूच्या वडिलांच्या हाताखाली. बाग मामाने पुढे विकत घेतली. आता बाळू हजेरीवर आणि चित्राचा मामा मालक. हे उलटं झालेलं बाळूला पचतं का, हे लिहिताना मलाही मजा येणार आहे.

खिडकी पूर्ण बाद. तो शेडची उंबरठ्याची चीर ओलांडत नाही. शीव म्हणा, पिंपळाची मुळं तिथवर आली आहेत असं म्हणा. राखणदाराचा नियम मुंजाला लावतेय, तळकोकणी, रागावू नका. वहाणाही घेतल्या.

राहता राहिला शेवट. मला वाटतं, सोडमुंज. हट्ट लग्नाचा नाहीच, अडकलाय तो अर्धवट राहिलेल्या विधीपाशी. तो कुणी पुरा केला की सुटला. पण पुरा करायचा म्हणजे त्याला जाऊ द्यायचं, आणि ते ठरवणार चित्रा. भटजी मिळणं, न मिळणं, त्यांनी हसणं, हे सगळं यायला जागा आहे.


जुनी_पानं

सोडमुंजीत मुलगा काशीला निघतो आणि मामा त्याला 'मुलगी देतो' म्हणून परत आणतो, तो लटका प्रसंग असतो. इथे मामा चित्राचा आहे. सांभाळून. किंवा सांभाळू नका, तिथेच घाला. बाळू शिवेकडे चालायला लागतो आणि मागून हाक मारणारं कुणी नाही.


अकरावी_ब

नमस्कार. मी या फोरमवर आईच्या अकाउंटवरून वाचायचे, आज स्वतःचं काढलं. वय सोळा, म्हणजे हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्यातली मी एकटीच इथे दिसतेय.

एक, बाळू हे नाव बदला प्लीज. माझ्या आजोबांच्या मित्राचं नाव आहे, त्याच्यावर क्रश येऊच शकत नाही. जुनंच हवं तर विश्वनाथ ठेवा, चित्रा त्याला विशू म्हणेल.

दोन, तो हसवतो का? वरच्या सगळ्या प्रतिसादांत तो फक्त दुःखी आहे. शंभर वर्षं मागे राहिलेला मुलगा किती फनी असू शकतो. तिच्या फोनवर मामाचा आवाज आला की तो फोनला 'अहो' म्हणतो, असं काहीतरी. आम्ही मुली गूढ मुलावर एक आठवडा मरतो, नंतर हसवणाऱ्याकडे जातो.

तीन, तो नेपाळी मुलीशी नॉर्मल बोलतो हा भाग बेस्ट आहे. तिचं वय चौदा-पंधरा करा आणि तिला चित्राची मैत्रीण करा. प्रेमकथेत नायिकेला मैत्रीणच नसते, मग ती सगळं मनातल्या मनात बोलत बसते आणि मी पानं उलटते.

आणि तो गेल्यावर शेवट रडका चालेल, आम्हाला आवडतं रडायला. फक्त चित्राला बारावीत नापास करू नका. प्रेमात पडलेल्या मुलीचे मार्क कमी आले की घरचे लगेच तेच पान उघडून दाखवतात.


आढीवाली

विशू. झालं. बाकीच्यांनी हरकत घ्यायची असेल तर आजच घ्या, उद्यापासून मी सगळीकडे नाव बदलणार आहे.

मार्कांचं बघते. एकाहत्तर टक्के चालतील का?


अकरावी_ब

अठ्ठ्याहत्तर करा ना.